वजा केलेला आवाज

चिंगी मुळातच तापट. तिची आई म्हणते, ही जन्माला आली तीच मुठी आवळून, आणि सुईण मुठी सोडवायला गेली तर सुईणीवरच खेकसली. पण त्या आठवड्यातला तिचा राग काही जन्मजात नव्हता. तो शाळेने दिलेला होता, आणि तोही रीतसर, छापील कागदावर.

कागदावर लिहिलं होतं की माझी मुलगी श्रवणदोषामुळे विज्ञानाचा अभ्यासक्रम पेलू शकत नसल्याने तिला या शाळेतून काढून कर्णबधिर मुलांच्या शाळेत पाठवण्यास माझी हरकत नाही. खाली सहीसाठी रेघ. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तो सोमवारी आईच्या हातात दिला आणि शुक्रवारी दुपारी दोन वाजता घेऊन या म्हणाल्या. आई कपडे दुरुस्त करून देते, उसवलेलं शिवते, सैल असलेलं घट्ट करते. शिकलेल्या माणसाने छापील कागद दिला की तो खराच असणार, असं तिचं आयुष्यभराचं मत. तिने मंगळवारीच सही केली आणि कागद शिलाई मशीनच्या खणात बॉबिनांखाली ठेवला. बुधवारी चिंगी सुई शोधायला गेली आणि तिला तो सापडला.

दुसरी शाळा वाईट नव्हती. तिथली मुलं हातांनी इतक्या भरभर बोलत की बघतच राहावं. पण तिथे विज्ञान नव्हतं. शिवणकाम होतं, छपाई होती, टंकलेखन होतं. शिवणकाम चिंगीच्या घरात ढिगाने पडलेलं होतं. तिला विज्ञान हवं होतं, आणि त्यातही भौतिकशास्त्र. दहा वर्षांची असताना तिने कानामागचं आपलं जुनं यंत्र स्क्रू काढून उघडलं होतं आणि आतली तांदळाएवढी तारेची गुंडाळी बघून दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती. त्या वयातच तिने ठरवून टाकलं होतं की हे बनवणारं माणूस व्हायचं.

ती गुंडाळी काय करते ते इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढची भांडणं कळायची नाहीत. चिंगीच्या यंत्राला एक खटका आहे. एका बाजूला केला की यंत्र सगळे आवाज गोळा करतं, साठ पोरांची कुजबुज, बाक सरकवणं, पंखा, सगळं एकत्र कालवून कानात ओततं. दुसऱ्या बाजूला केला की ते हवेतलं काहीच ऐकत नाही. मग ती छोटी गुंडाळी फक्त चुंबकीय लहरी पकडते. वर्गात जमिनीलगत भिंतीच्या कडेकडेने एक तार फिरवलेली आहे. सर कॉलरला माईक लावून बोलतात, त्यांचा आवाज त्या तारेतून चुंबकीय लहर होऊन वर्गभर पसरतो, आणि चिंगीची गुंडाळी तो थेट पकडते. मागची दोन वर्षं तिने असंच शिक्षण घेतलं आणि दोन्ही वर्षं वर्गात पहिल्या पाचात आली.

या वर्षी शाळा सुरू झाली आणि तिच्या कानात घूं सुरू झालं.

तिने सांगितलं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळेच ते विसरून गेले. तिने पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकांना सांगितलं, "सर, घूं येतं. तुमचा आवाज त्याच्या खाली जातो." वर्गशिक्षक म्हणजे भौतिकशास्त्राचे सर. पोरं त्यांना मिशी सर म्हणत, कारण त्यांची मिशी वरच्या ओठावरून पार खाली आलेली होती, आणि त्यामुळे चिंगीला त्यांचे ओठही वाचता येत नसत. सरांनी तिला यंत्रवाल्याकडे पाठवलं. यंत्रवाल्याने आपल्या दुकानात, दार लावून, यंत्र तपासलं आणि ठणठणीत आहे म्हणून चिठ्ठी दिली. मग कानाच्या डॉक्टरांनी कान तपासले, कान होते तसेच होते. यंत्र ठीक, कान ठीक, म्हणजे राहिलं काय? पोरगीच राहिली. सगळ्यांनी मिळून दोष तिच्या डोक्यात नेऊन ठेवला आणि हात झटकले.

वर तिच्यावर दया म्हणून तिला पुढे बसवलं. ती तिसऱ्या बाकावर होती, तिला पहिल्यावर आणलं. घूं वाढलं. मग पहिल्या बाकावरूनही उठवून थेट फळ्याच्या कोपऱ्यात, चौथऱ्याला लागून, एका वेगळ्या खुर्चीत बसवलं. आता तर सरांचा आवाज पार बुडाला. चाचण्यांचे गुण घसरले. वहीत शेरा आला, 'लक्ष नसते, हाक मारली तरी ढिम्म.' तो शेरा कुणीतरी वाचला आणि दुसऱ्या दिवसापासून वर्ग तिला ढिम्मी म्हणू लागला. पाच महिने तिला ढिम्मी म्हणत होते. आपण नाही म्हणायचं.

शुक्रवारी सकाळी प्रात्यक्षिक होतं. प्रयोगशाळेला रंग द्यायचं काम चाललं होतं, म्हणून सरांनी सामान वर्गातच आणून बाकांच्या मधोमध टेबलावर मांडलं. विषय होता घरातल्या विजेच्या वस्तूंमधून होणारा व्यत्यय. सरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, घरून एकेक वस्तू आणा, विजेवर चालणारी, आणि घरच्यांना विचारून आणा. शेवटचं अर्थातच कुणी ऐकलं नव्हतं. एकाने वडिलांचं दाढीचं यंत्र आणलं होतं आणि वडील तिकडे अर्धी दाढी घेऊन कामावर गेले होते. कुणी चार्जर, कुणी केस वाळवायचा पंखा, एकीने मिक्सरचं नुसतं बूड. मागच्या बाकावरचा एक वात्रट आजीचं पाय शेकायचं यंत्र घेऊन आला होता आणि त्यात स्वतःचेच पाय घालून बसला होता.

चिंगीने काही आणलं नव्हतं. तिच्या दप्तरात तो सही केलेला कागद होता, तिने सकाळी आईच्या पिशवीतून हळूच काढून घेतलेला. फाडून टाकायचा असं तिने तीनदा ठरवलं होतं. पण कागद फाडला तर मोठ्या बाई दुसरा छापतील, शाळेत कागदाला तोटा नव्हता.

सरांनी आधी रेडिओ लावला, दोन स्टेशनांच्या मधे, जिथे काहीच लागत नाही तिथे. चार्जर जवळ नेला की रेडिओ खरखरायचा. दाढीचं यंत्र नेलं तर असा भडकला की आत कुणाचं तरी भांडण जुंपलंय असं वाटावं. पोरं खूश. मग सरांनी पुठ्ठ्याच्या नळीवर स्वतः गुंडाळलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं काढलं. त्याला एक छोटा स्पीकर आणि एक काट्याचं मीटर जोडलेलं. वेटोळं ज्या वस्तूजवळ न्यावं, तिचं चुंबकीय क्षेत्र स्पीकरमधून ऐकू यायचं आणि काटा आकडा दाखवायचा.

"आधी सगळं बंद करा," सर म्हणाले. "शून्य कुठे आहे ते बघू."

सगळ्यांनी आपापली वस्तू बंद केली. सरांनी टेबलावर वेटोळं धरलं. स्पीकर घूं करत राहिला, आणि काटा बारावर.

सरांनी तारा हलवून पाहिल्या, टिचकी मारून पाहिली. काटा बारावरच. "असू दे," ते म्हणाले. "हा पार्श्वभूमीचा आवाज. असतोच कुठेही. लिहून घ्या बारा. प्रत्येक आकड्यातून बारा वजा करा आणि विसरून जा."

साठ पोरांनी वहीत बारा लिहिलं. दाढीचं यंत्र एकतीस, वजा बारा, एकोणीस. मिक्सर चाळीस, वजा बारा, अठ्ठावीस. पेनं खाली होती, माना खाली होत्या, वजाबाकी जोरात चालली होती.

चिंगीने पेन उचललं नव्हतं. प्रात्यक्षिकाच्या वेळी सर माईक लावत नसत, म्हणून तिचा खटका साध्या बाजूला होता, म्हणजे आत्ता तिच्या कानात जे येत होतं ते सगळ्या वर्गाला ऐकू येत होतं. आणि स्पीकरमधून येत होतं घूं. तेच. त्याच उंचीचं, त्याच जाडीचं, मधेच थोडं थरथरणारं, पाच महिने रोज सहा तास तिच्या डोक्यात बसलेलं. तिने खटका दुसऱ्या बाजूला केला. घूं. परत पहिल्या बाजूला केला. तेच घूं, फक्त आता ते टेबलावरच्या डबीतून येत होतं आणि जवळच्या बाकावरचा पोरगा त्याच्या तालावर पाय हलवत होता.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. चिंगीची मस्तकात जाऊन तिथेच थांबली नाही, कानात उतरली. तिचे कान लालबुंद झाले.

ती उठली. टेबलाजवळ गेली आणि सरांच्या हातातून वेटोळं काढून घेतलं. मागितलं नाही, काढून घेतलं.

"अगं, काय करतेस? अजून केसांचा पंखा राहिलाय."

ती वेटोळं घेऊन चालू लागली. मागे खिडकीकडे गेली, काटा पाचवर आला. परत पुढे आली, बारा. पहिल्या बाकापाशी वीस. फळ्याकडे वळली तसा आवाज चढत गेला. स्पीकर आणि मीटर उचलून वात्रट आपणहून तिच्या मागोमाग चालला होता, पाय शेकायचं यंत्र एका पायात तसंच. तिच्या त्या कोपऱ्यातल्या खुर्चीशी आल्यावर काटा टोकाला जाऊन आपटला आणि स्पीकर अक्षरशः ओरडायला लागला.

खुर्चीपासून दीड वितीवर चौथऱ्याची लाकडी फळी होती. वात्रटाने ती बाजूला केली. आत एक काळा डबा होता, विटेएवढा, गरम. भिंतीवर या वर्षी नवा कोरा डिजिटल फळा बसला होता, कुणा माजी विद्यार्थ्याने भेट दिलेला. त्याला वीज पुरवणारा हा डबा. बाहेर बरा दिसत नाही म्हणून मोठ्या बाईंनीच तो चौथऱ्याखाली लपवायला सांगितला होता. फळा दिवसभर चालू. डबा दिवसभर चालू. आणि त्याच्या डोक्यावर ऐकू न येणारी पोरगी आणून बसवलेली, नीट ऐकू यावं म्हणून.

"सर, माईक लावा," चिंगी म्हणाली.

"आत्ता?"

"लावा. आणि बोला काहीतरी."

सरांनी खिशातला माईक काढून कॉलरला लावला. चिंगीने वेटोळं आपल्या खुर्चीवर, कानाच्या उंचीला धरलं. सर बोलले. स्पीकरमधून घूं आलं, आणि त्याच्या तळाशी, खूप खाली, काहीतरी बोलण्यासारखं हललं. शब्द एकही नाही. वर्ग हसला.

"हसताय काय," चिंगी म्हणाली. तिचा आवाज वर गेला होता, तो किती वर गेलाय हे तिला कळत नसे आणि आज तिला फिकीरही नव्हती. "हे मला ऐकू येतं. रोज हेच येतं. गणिताला हेच, रसायनाला हेच. तुम्ही ढिम्मी म्हणता ना, ते या घूंमुळेच."

वात्रटाने मान खाली घातली. ते नाव पहिल्यांदा त्यानेच काढलं होतं.

चिंगीने वाकून डब्याची पिन ओढली. फळा काळा झाला आणि स्पीकर असा गप्प झाला की बाहेर रंगारी भिंत खरवडत होता ते ऐकू आलं. तिने खटका दुसऱ्या बाजूला केला. त्या खोलीत पाच महिन्यांत पहिल्यांदा तिच्या कानात काहीही नव्हतं. मग त्या शांततेत सरांचा आवाज आला, अगदी कानाशी बसून बोलावं तसा, "आता येतंय का?"

"पाठ करून उभे राहा. पुस्तक वाचा."

सरांनी पाठ केली. पुस्तक उघडून एक वाक्य वाचलं. तिने ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. दुसरं वाचलं, दुसरं म्हणून दाखवलं. तिसऱ्या वाक्याला सरांनी पुस्तक मिटलं.

आता तुम्ही म्हणाल, पोरीला आनंद झाला असेल. मुळीच नाही. आजार असता तर तिने सोसला असता. नशीब असतं तर नशिबाला चार शिव्या घालून पुढे गेली असती. पण हा एक डबा होता. ज्याची पिन ओढायला दोन बोटं लागतात असा डबा, आणि त्यापायी तिला शाळेतून काढायला निघाले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी.

"सर," ती म्हणाली, "मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं."

"अगं, पण यंत्रवाल्याने चिठ्ठी दिली होती..."

"मी घूं म्हटलं होतं. तुमच्याकडे हे वेटोळं होतं. कपाटात होतं."

सर माईक काढून स्टुलावर बसले. वीस वर्षं ते हा प्रयोग घेत होते. वीस वर्षं पोरांना पार्श्वभूमी वजा करायला शिकवत होते, आणि चांगलं शिकवत होते. मिशीखालून ते काहीतरी बोलले. कळलं नाही, पण चिंगीने विचारलंही नाही. "दहा शब्द," ती म्हणाली. "डबा चालू ठेवून दहा आणि बंद करून दहा. मी लिहिते. तुम्ही मोजा. दोन वाजायच्या आत."

डबा चालू ठेवून तिचे तीन बरोबर आले. बंद करून दहा.

दोन वाजता आई आली. मोठ्या बाईंच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसली, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. सर उभे राहून सांगत होते आणि मोठ्या बाई त्यांच्याकडे न बघता कागद रचत होत्या.

"सर, परवापर्यंत तुम्हीच म्हणत होतात ना तिचं लक्ष नसतं म्हणून? शेरा कुणाचा आहे? तुमचाच ना?"

"माझाच आहे. चुकीचा आहे."

"आज एका प्रयोगात सगळं बदललं?" मोठ्या बाई आईकडे वळल्या. त्यांचा आवाज मऊ झाला. मऊ आवाज त्या सगळ्यांत वाईट बातमीला वापरत. "हे बघा, मुलीचा जीव गुंतलाय हे मला कळतं. पण तिथे तिच्यासारखी मुलं आहेत. तिला तिथे बरं वाटेल. फळ्यातून मला स्वतःला कधी कसला आवाज आलेला नाही. कागद आणलाय ना?"

"हो बाई," आई म्हणाली, आणि पिशवी चाचपू लागली.

"कागद माझ्याकडे आहे." चिंगीने तो दप्तरातून काढला. "देते मी. पण आधी तुम्ही माझ्या खुर्चीत येऊन बसा. सर बाहेरून दहा शब्द सांगतील. माझ्या यंत्रात जी तारेची गुंडाळी आहे तशीच सरांचं वेटोळं. त्यातून जे ऐकू येईल ते लिहा. माझे कान खराब, माझे तीन आले. तुमचे चांगले आहेत. तुमचे सात आले तर मी जाते, आजच जाते."

"चिंगे," आई म्हणाली. घाबरून तिने पोरीची बाही धरली. सरही चपापले. सात येणार नाहीत असं काही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. मोठ्या बाईंचे कान असे की तिसऱ्या मजल्यावर कुणी चघळलेलं त्यांना तळमजल्यावर कळे.

मोठ्या बाई उठल्या. बहुधा प्रकरण लवकर मिटेल म्हणूनच उठल्या असाव्यात.

वर्ग रिकामा होता, पोरं मैदानावर गेली होती. मोठ्या बाई कोपऱ्यातल्या त्या खुर्चीत बसल्या, मांडीवर वही घेतली. चिंगीने पिन लावली, फळा उजळला. वेटोळं खुर्चीशी कानाच्या उंचीला धरलं आणि स्पीकर त्यांच्या कानाशी ठेवला. सर माईक लावून, वर्गाचं दार ओढून घेऊन पार जिन्यापर्यंत गेले. आई भिंतीला टेकून उभी राहिली.

घूं सुरू झालं. मोठ्या बाईंनी आधी नुसत्या भुवया चढवल्या. पहिला शब्द त्यांनी लिहिला. दुसरा लिहिला. तिसऱ्याला त्या पुढे वाकल्या. चौथा सुटला. पाचवा त्यांनी लिहिला, खोडला, परत लिहिला. आईची नजर त्यांच्या पेनावर खिळली होती. सहाव्याला त्यांनी डोळे मिटले, सातव्याला एक बोट दुसऱ्या कानात घातलं. आठव्याच्या वेळी स्पीकर हातात घेऊन हलवला, जणू शब्द आत अडकलाय. नवव्याला कपाळावर घाम. दहावा येऊन गेला हेच त्यांना कळलं नाही, त्या अजून पेन रोखून वाट बघत होत्या तेव्हा सर दार उघडून आत आले.

सरांनी वही तपासली. चार.

"या असल्या गोंगाटात कुणाच्या बापाला लिहिता येईल?" मोठ्या बाई कडाडल्या. डोकं धरून त्या खुर्चीतून उठल्या.

ते वाक्य वर्गाच्या मधोमध पडलं होतं आणि मोठ्या बाईंना ते स्वतःलाच दिसत होतं. त्या चौथऱ्यावर चढल्या, पुन्हा उतरल्या, आणि शिपाई मामांना हाक मारली.

मामांनी डबा काढला, लांब वायर जोडली आणि तो बाहेर व्हरांड्यात भिंतीवर, वेटोळ्याचा काटा हलेना इतक्या लांब, ठोकून दिला. मधे चहा पिऊन आले. सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागली. चिंगी घड्याळ बघत उभी होती. पाच महिने आणि पंचवीस मिनिटं. रडू येईल म्हणून तिने दात दाबून धरले, कारण आता रडली तर सगळे तिला गोंजारणार आणि गोंजारून मोकळे होणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

तसंच व्हायला लागलं होतं. "चला, निघाला दोष," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मुलगी हुशार आहे, मी म्हणतच होते. तो कागद आपण रद्द करू. आता झालं गेलं विसरायचं, बरं का. पुढच्या चाचणीला भरपूर गुण मिळव."

"आणि मागच्या?" चिंगी म्हणाली.

"मागच्यांचं काय करणार आता? निकाल लागले. नोंदी झाल्या. एवढं तर सोसावं लागतं, बाळ. नियम असतात."

सर खोकले. मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खोकायचे थांबले. पण मग ते म्हणालेच, "माझी चाचणी मी परत घेईन." आणि पाहिलं तर आपल्या या बोलण्याने आपणच दचकलेले.

"तुमची एक. बाकीच्या चार कोण घेणार? उद्या प्रत्येक पालक येऊन उभा राहील."

तेव्हा भिंतीपासून आई पुढे आली. दुपारपासून तिने मोठ्या बाईंना 'हो बाई' सोडून काही म्हटलं नव्हतं. खरं तर पाच महिन्यांत म्हटलं नव्हतं.

"बाई, मी कपडे शिवते," ती म्हणाली. "माझ्या हातून कपडा आखूड झाला तर मी गिऱ्हाइकाला, तुम्हीच उंच झालात, असं नाही सांगत. उसवते आणि परत शिवून देते. घरी बसून, माझ्या वेळात. पाचही चाचण्या परत घ्या. आणि ते वहीतलं ढिम्म खोडा."

तिचा आवाज सरळ होता. मोठ्या बाईंनी नियमांची आणखी दोन वाक्यं म्हटली. आई जागची हलली नाही. ती नुसती उभी राहिली, गिऱ्हाईक कपडा घेऊन जाईपर्यंत उभी राहते तशी. शेवटी मोठ्या बाईंनी सोमवारपासून रोज एक चाचणी असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं. शेरा सरांनी खोडला, खाली सही केली, तारीख घातली. सही केलेला तो छापील कागद आईने मागून घेतला आणि चार तुकडे करून पिशवीत टाकला.

दोघी घरी निघाल्या. रस्त्यावर रहदारी होती. चिंगीचा खटका साध्या बाजूला होता आणि गाड्यांचे आवाज कानात कोसळत होते. ती दोन पावलं पुढे चालत होती. तिच्या डोक्यात अजून धुमसत होतं. मोठ्या बाईंवर, सरांवर, यंत्रवाल्यावर. पण ती सगळी परकी माणसं, त्यांच्यावर राग धरणं सोपं होतं. सही तर त्यांनी केली नव्हती.

थोडं पुढे गेल्यावर तिला मागे पुटपुट जाणवली. वळून पाहिलं तर आई जमिनीकडे बघत चालली होती आणि तिचे ओठ हलत होते. शब्द रस्त्यात सांडत होते. चिंगी थांबली.

"मला ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे तोंड करून बोल."

आईने मान वर केली. बाजूने लोक जात होते, एकाने हातगाडी त्यांना वळसा घालून नेली.

"तू पहिल्यांदा घूं येतं म्हणालीस," आई म्हणाली, "तेव्हा मी मशीनवर होते. पाय न थांबवता हो हो म्हटलं. मग त्यांनी कागद दिला आणि तुला एका शब्दाने न विचारता सही केली. मी तुझी आई, आणि मी त्यांचं ऐकलं. चुकलं माझं."

तिने हे नीट, एकेक शब्द सुटा करून म्हटलं. चिंगीला सगळं ऐकू आलं, आणि ओठांवरूनही दिसलं. तिला वाटत होतं की हे ऐकलं की आतलं सगळं निवेल. पण निवलं नाही.

"ऐकलं," ती म्हणाली. "पण माझा राग गेला नाहीये आई. तुझ्यावरचापण."

आईने तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं.

"नको जाऊ देऊस," ती म्हणाली. "पाच चाचण्या आहेत. सोमवारपासून लागेल."